धुक्यातल्या झाडाची दाढी

मत्सर हा विकार सज्जन माणसाच्या हातूनही काय करवून घेतो, ते या कथेत यथामती निवेदन करीत आहे. प्रसंग लहान आहे. झाडही लहानच होते.

"साडूभाऊ, तुमच्या झाडाला दाढी आली, पण उंची काही येईना!"

धाकट्या साडूने थोरल्याच्या चुलीपाशी बसून असे उद्गार काढताच दोघी बहिणी खळखळून हसल्या. थोरल्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

हे दोघे साडू जंगलराखे होते. धाकट्याची चौकी डोंगराच्या पायथ्याशी. थोरल्याची शिखरानजीक, जेथे ढग दाराने आत येऊन खिडकीने निघून जात. दोघांची लग्ने झाली त्या वर्षी रोपवाटिकेच्या बाईंनी एकाच झाडाचे बी दोघांना लावावयास दिले होते. उंचीमुळे त्यात काय फरक पडतो, ते त्यांना पाहायचे होते. पायथ्याच्या उबेत धाकट्याचे झाड आभाळाला भिडले. त्याच्या भिंतीसारख्या उभ्या मुळांच्या आडोशाला माणूस उभा लपत असे. शिखरावरील थंडीवाऱ्यात थोरल्याचे झाड मात्र कुबड काढून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरच थबकले. पाने इवलीशी, चामड्यासारखी जाड, आणि अंगभर दाढीसारखे लोंबते शेवाळ.

"उंचावर झाडं ठेंगणीच राहतात, यात तुमचा दोष नाही," असे बाई अनेकदा म्हणाल्या होत्या. पण ज्याचे जळते त्यालाच कळते. बढती धाकट्याला, वीज धाकट्याच्या चौकीत.

"धाकटीकडे माणसं मुद्दाम झाड बघायला येतात," पाहुणे उतरणीला लागल्यावर बायको म्हणाली. "आपल्याकडे येऊन काय बघतील, धुकं?"

तो शब्द थोरल्याच्या जिव्हारी लागला. हे शेवाळाचे बांडगूळच झाडाचा जीव शोषून घेत असावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने कोयता उचलला आणि कोयत्याच्या पाठीने बुंधा खरवडावयास आरंभ केला. कुठे कुठे सालही निघाली.

"अहो, हे काय चाललंय?"

"हजामत."

"हजामतीनं कुणाची उंची वाढलीय का?"

त्याने फांद्यादेखील स्वच्छ केल्या.

पुढे बिनपावसाचे महिने आले. त्या दिवसांत शिखरावर केवळ धुके असते. शेजारची झाडे आपल्या शेवाळात ते धुके धरून ठेवीत आणि थेंब थेंब आपल्याच मुळाशी सोडीत. थोरल्याच्या झाडातून मात्र ढग तसाच आरपार निघून जाई. बुडाची माती भुकटी झाली. पाने कडेने करपू लागली. तेव्हा आपण झाडाचे पाणीच खरवडून टाकले, हे त्याला उमगले. तो खालच्या झऱ्यावरून घागरी आणू लागला आणि बुंध्याला ओले गोणपाट गुंडाळू लागला.

अशा एका सकाळी धाकटा धापा टाकीत वर आला. त्याने झाड पाहिले. थोरला टोमण्याची वाट पाहत उभा राहिला. त्याने तर उलट उत्तरही तयार ठेवले होते. परंतु धाकट्याने रिकामी घागर उचलली आणि तो झऱ्याकडे गेला. परतला तेव्हा अर्धे पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडले होते.

"बोल की," थोरला म्हणाला. "दाढीवरून काहीतरी बोल."

"आता कशावरून बोलू, साडूभाऊ?" धाकटा गोणपाटाकडे पाहत म्हणाला. "ते टोक इकडं द्या. गाठ सैल पडलीय."

दोघांनी दोन टोके ओढून धरली. त्या झाडाशेजारी वाकून उभे असताना दोघे साडू सारख्याच उंचीचे दिसत होते.

हे साधे लेखन आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

दोन्ही चौक्यांना शिधा पोहोचविणारा,
आपला नम्र,
खेचरवाला