डाव्या हाताची गाठ

पक्षाघातानंतर सरस्वतीबाईंच्या उजव्या हाताची बोटं जराशीच हलत. पिंपळगाव राजातल्या त्या घरात मग त्या हाताला कुणी काम देईनासं झालं. मुलगा शेखर चमच्यानं भरवायचा, नवरा उकंडराव वेणी घालायचे.

लेक दीपमाला पुण्यात उंदरांच्या मेंदूवर संशोधन करत होती. दिवाळीला आली, समोर ते भरवणं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

"काऊन भरवतो बे तिले? बोटं हलतात ना!"

"डॉक्टर म्हणाले, या वयात मेंदू बदलत नाई," शेखर म्हणाला.

"खोटं हाय ते! मेलेल्या पेशी परत येत नाईत, पण शेजारच्या पेशी नवे फाटे काढतात. हात धडपडला की मेंदूत एक प्रथिन सुटते, त्यानं पेशींमधले नवे सांधे पक्के होतात. धडपडच नाई, तं सांधे गळून जातात. मायेनं हात मारून राह्यले तुम्ही तिचा!"

"माया करनं गुन्हा झाला काय?" उकंडराव ओरडले.

आईच्या चांगल्या, डाव्या हाताला टॉवेल गुंडाळून दीपमालानं करकचून गाठ मारली आणि पिठलं-भाकरीचं ताट पुढं सरकवलं.

उजवा हात ताटात आपटला. पिठलं लुगड्यावर सांडलं.

"सोड मले!"

"नाई."

उकंडराव गाठ सोडायला उठले. दीपमाला आडवी उभी राहिली.

"चालती हो घरातून!" ते म्हणाले.

"उंदीर समजली काय मले?" सरस्वतीबाई किंचाळल्या.

दीपमालाचा चेहरा पडला, पण ती हलली नाही. रागानं सरस्वतीबाई उजव्या हातानंच गाठ ओढू लागल्या. बोटं घसरली. पुन्हा घसरली. मग अंगठा गाठीत अडकला. गाठ सैल झाली, टॉवेल खाली पडला, आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हातानं त्यांनी लेकीच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी लेकीकडं न बघता डावा हात पुढं केला.

"बांध."

सुटी संपली, दीपमाला गेली. मग शेखर बांधू लागला. करंगळी अजून वाकडीच आहे, पण उन्हाळ्यापर्यंत सरस्वतीबाई चहाचा कप उजव्या हातात धरू लागल्या. निम्मा चहा सांडतो. कुणी कपाला हात लावायला गेलं, की त्या अंगावर धावून येतात.