ठमाबाईची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गळ्यात घालायची नव्हे, मोटरसायकलला बांधायची. सध्या जिन्याखाली रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून आहे. अंगावर गंज चढला आहे, पण त्याचं मला फारसं काही वाटत नाही. लोखंड म्हटलं की गंज आलाच. माझं दुःख वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी कारखान्यातून आले नाही. मला एका माणसाने आपल्या हातांनी जोडलं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात. बाबा वेल्डर होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या जिन्यांना कठडे आणि खिडक्यांना गज बसवले. त्यांच्या मुलाने कुणाचीतरी वापरलेली मोटरसायकल घेतली आणि तिच्यासाठी बाजारातून साखळी आणली. ती हातात घेऊन बाबा म्हणाले, "ही काय साखळी झाली? ही तर दातांनी तुटेल!" मग त्यांनी जाड सळईच्या कड्या वाकवल्या, एकेक करून जोडल्या आणि जिन्याखालच्या भिंतीत एक भक्कम कडं पुरलं. गाडीच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून मला जुन्या ट्यूबचा अंगरखासुद्धा घातला. त्या दिवशी मी किती मिरवले म्हणून सांगू!

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे माणसं अडकली की त्याला फोन यायचा आणि तो धावत सुटायचा. गाडी मात्र आपल्या मर्जीची मालकीण. आधी चांगली खोकायची, मग ठम ठम करत जागी व्हायची. सूनबाईने तिचं नाव ठेवलं ठमाबाई, आणि तेच पडलं.

मला कसं बांधायचं ते बाबांनी मुलाला नीट शिकवलं. "नुसत्या चाकातून घालू नकोस. चोर चाक तिथेच सोडून बाकीची गाडी उचलून नेतील. सांगाड्यातून घाल. आणि जमिनीला टेकू देऊ नकोस, टेकली की घणाने ठेचता येते." एकदा भर दुपारी कुणीतरी माझ्यावर कटर चालवला. माझी एक कडी अर्धी कुरतडली गेली, पण मी तुटले नाही. बाबा आल्यागेल्याला ती खूण दाखवायचे. "बघा, हात दुखले असतील लेकाच्याचे!" मी मनातल्या मनात फुलून जायचे.

पुढे बाबांचे हात थरथरू लागले आणि वेल्डिंग सुटलं. मग विसर पडू लागला. चहाचा कप खाली ठेवताच पुन्हा चहा मागायचे. घरातलं एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. गॅसला हात लावू नका, बाजारात एकटे जाऊ नका. शेवटी एकच काम उरलं, माझ्या कुलपाची किल्ली सांभाळायचं. मुलगा गाडी लावायचा, बाबा खाली उतरून मला बांधायचे आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायचे. आपल्यावाचून घरात काहीतरी अडतं, हे समाधान त्यांना तेवढ्या एका किल्लीने मिळत होतं.

कधीकधी कंपनीची व्हॅन मुलाला न्यायला यायची. मग ठमाबाई दिवसभर घरीच. मुलाने बाबांना बजावून ठेवलं होतं, "गाडी मागायला कुणीही आलं तरी सोडायची नाही. मी पाठवलेला माणूस तिचं नाव सांगेल. ठमाबाई म्हणाला, तरच द्या." ही युक्ती सगळ्यांना फार पसंत पडली. पण बाबा रोज सकाळी गाडी पुसताना खणखणीत आवाजात विचारायचे, "काय ठमाबाई, झाली का झोप?" अख्खी गल्ली ते ऐकायची. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला कळत होतं, पण मला कुठलं आलंय तोंड!

एका दुपारी तेलकट कपड्यांतला एक माणूस आला. "काका, तुमच्या मुलाने पाठवलंय. ठमाबाईला सर्व्हिसिंगला न्यायचंय."

बाबांचा चेहरा उजळला. सांगितलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं! "नाव बरोबर सांगितलंस हो," म्हणत त्यांनी कुलूप उघडलं. मी कड्या आवळून धरल्या, पण किल्लीपुढे माझं काय चालणार? बाबांनी पायरीवरून चाक उतरवायला हातसुद्धा लावला. "जपून ने रे. थंड असली की रुसते ती." मग मला नीट गुंडाळून मांडीवर घेतलं आणि शाबासकीची वाट बघत पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी मुलगा आला.  सगळं ऐकून त्याचा तोल गेला. "तोडून नेली असती तर सोसलं असतं, बाबा! तुम्ही स्वतःच्या हातांनी सोडून दिलीत!"

"अहो, पुरे आता," सूनबाई म्हणाली.  गळ्यातला दोरा काढून बाबांनी मुलासमोर ठेवला.

पोलिसांत तक्रार झाली, गाडी काही मिळाली नाही. मुलाने दोन दिवसांनी माफीही मागितली. पण चहा प्यायलेला विसरणारे बाबा ते वाक्य मात्र विसरले नाहीत.

काही महिन्यांनी दुसरी मोटरसायकल आली. तिच्यासोबत आकड्यांचं, बिनकिल्लीचं कुलूप आलं. बाबा हळूहळू खाली उतरले, कुलूप हातात घेऊन न्याहाळलं आणि विचारलं, "याचा नंबर काय रे?"

"कशाला बाबा? मी लावतो ना. तुम्ही आराम करा."

मुलगा हे प्रेमानेच म्हणाला, मी साक्षीला होते. बाबांनी मान हलवली आणि कठडा धरून वर गेले. तेव्हापासून ते खाली आलेले नाहीत.

मित्रांनो, गाडीला कुलूप जरूर लावा. साखळी सांगाड्यातून घाला, भिंतीच्या कड्याला बांधा, गाडीचा खुणेचा शब्द चारचौघांत बोलू नका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नंबर विचारला, तर सांगा. विसरला, तर पुन्हा सांगा. आणि रोज एकदा तरी कुलूप त्याच्या हाताने लावून घ्या, मग हवं तर मागून जाऊन तपासा.