शेठनी ठेवलेलं प्यादं

१९७४ साली जुन्या जालन्यात बुद्धिबळाचे संघांचे सामने झाले. अंतिम फेरी गाठायला आमच्या वस्तीच्या संघाला शेवटच्या पटावर निदान बरोबरी हवी होती. तो पट माझा. समोर बद्रीनाथशेठ, तालुक्यात कोणाकडून न हरलेला माणूस. त्यांच्याच आडतीवर मी पोती उचलायचो.

"कडूबा, मालकाला जपशील बरं," आमचा कप्तान सर्जेराव म्हणाला. बाकीचे हसले. तो हसला नाही.

सकाळी पंचांनी जुन्या देशी खेळाऐवजी लागू झालेले नवे नियम वाचून दाखवले. शेठ लिलाव आटोपून उशिरा आले.

बघता बघता माझ्याकडं राजा आणि एक प्यादं उरलं. प्यादं हत्तीच्या तोंडात होतं. शेठनी मारलं नाही. उलट पुढं उंट आणून त्याची वाट अडवली.

मागं कुजबुज सुरू झाली.

"मारून का न्हाई राह्यले?"

"ठरलं असंल दोघांचं."

मलाही शंका आली. हे मला वाचवून उद्या काय मागणार?

मग शेठनी वजीर सरकवला. शह नव्हता, पण माझ्या राजाला एकही घर उरलं नाही.

"खेळ की."

"कुठं खेळू, शेठ? जागाच न्हाई."

"हां. मंग वजीर मागं घेतो, वाट देतो तुला."

"तो जुना खेळ झाला," पंच म्हणाले. "आता ही बरोबरी."

"बरोबरी? अहो, समोरचा राजा एकटा पडला तर जिंकणाऱ्याला अर्धाच डाव मिळतो, म्हणून तर त्याचं प्यादं ठेवलं!"

"तोही नियम गेला, शेठ. सकाळीच वाचला."

शेठ माझ्याकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् गप बसलास."

बाहेर सर्जेरावनं मला गाठलं. "एवढ्या मोठ्या खेळाडूला नियम ठाऊक न्हाई? कोणाला सांगून राह्यला तू?"

"ते उशिरा आल्ते, सर्जेराव."

"बराबर तुझ्याच डावाला उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी आडतीवर शेठनी मला पोती उचलताना हाक मारली. पट पुढं सरकवला. "बस. नव्या नियमानं मांड."

नाही कसं म्हणणार? मी मोहरे मांडत होतो तेव्हा सर्जेराव रस्त्यात थांबला. शेठ माझ्यासाठी चहा सांगत होते. त्यानं तेवढं पाहिलं आणि निघून गेला.

अंतिम फेरीत सर्जेरावनं माझ्या पटावर वस्तीतल्या कचरूला बसवलं.