चार अक्षरं कमी

पाठ्यपुस्तकात घेतलेल्या बोलीतल्या एका कवितेवर टिपा लिहायचं काम आलं, तेव्हा सर खुशीत होते. कविता खाणीत माती वाहणाऱ्या बाईची. बाई वारली होती. कुणीतरी तिच्या तोंडून ऐकून उतरवलेला कागद तेवढा उरला होता. सरांनी पेन्सिलीनं अक्षरं मोजली.

माती ओढी माझे पाय
पानी मागे कोन माय
खानीमंदी हाक आली
ऱ्हाली खाली

आठ, आठ, आठ आणि शेवटी चारच. यमक चोख, पण चरण लंगडा. उतरवणाऱ्याचं ऐकण्यात चुकलं असणार, असं धरून सरांनी सुरुवातीला ‘लेक माझी’ घातलं आणि खाली टीप लिहिली: ‘आईच्या शोकानं करुणरस शिगेला पोचतो.’

पुस्तक छापून आल्यावर प्रत द्यायला ते बाईच्या जावेकडे गेले. म्हातारी खोलीच्या दारात लसूण सोलत होती.

“वाचून दाखवा. मला वाचता येत नाही.”

सरांनी चालीत वाचलं. तिचा हात थांबला.

“कुणाची लेक?”

“त्यांचीच ना?”

“तिची लेक जिवंत आहे. दरड कोसळली तेव्हा आमच्या दोघींच्याही पोरी खाली होत्या. तिनं आपली वर ओढली. माझीपर्यंत हात पुरला नाही म्हणाली. पुरला नाही की दिला नाही, देव जाणे.”

सरांनी पुस्तक मिटलं.

“त्या ओळीत माझ्या पोरीचं नाव होतं. मीच ओरडले, तुझ्या तोंडून ते नाव नको. मग मरेपर्यंत तेवढं गाळून म्हणायची. आणि तुम्ही माझी पोर तिच्या पदरात घातलीत?”

नाव विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. सरांना विचारवेना.

बाहेर येऊन त्यांनी पाठ्यपुस्तक मंडळाच्या सचिवांना फोन लावला. “अहो सर, पुस्तकं शाळाशाळांत पोचली,” सचिव म्हणाले. “चार अक्षरांसाठी परत मागवू? आणि ती भरली कुणी, तुम्हीच ना?”

वर्षअखेरीला पेपर तपासायला आले. प्रश्न होता: ‘चौथ्या चरणातील आईचे दुःख स्पष्ट करा.’ नमुना उत्तर सरांचंच. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘स्वतःच्या लेकीला वाचवता आलं नाही, म्हणून ही आई रडते.’ अक्षर सुरेख, एकही चूक नाही. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी पाचपैकी पाच दिले आणि पुढचा पेपर ओढला.