पिवळी पुरचुंडी

साळूबाईनं तंगडीला चिकटलेली पिवळी चरबी नखानं खरवडून काढली आणि तुकडा परत नळाखाली धरला.

"धू अजून," दारातून नाथा म्हणाला. "ब्रॉयलर ती. अंगावर कातडं नाय, आता रंगबी ठेवू नको."

"कमी बोला. डॉक्टरनी काय सांगितलंय?"

"बोलू नको म्हणला आणि खा म्हणला. तोंड एकच हाय माझं."

तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, गळ्याला मफलर. घशातल्या गाठीवर यंत्राचे पस्तीस शेक घेऊन झाले होते. गळ्याची कातडी तव्याच्या बुडासारखी काळी पडली होती आणि जिभेवरची चव गेली होती. चव येईल परत, चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, असं डॉक्टर म्हणाले होते. वजनाचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. अठ्ठेचाळीस किलो आहे. सोमवारी यापेक्षा खाली आलं तर नाकातून नळी.

आज रविवार होता. तीन दिवस नाथाच्या पोटात पाणी आणि पाणचट चहा सोडून काही गेलं नव्हतं. सुनेनं, मनीषानं, नामपूरहून फोनवर सांगितलेलं सूप साळूबाईनं मिक्सरला फिरवून दिलं. वाटी तशीच परत आली. डॉक्टरांनी छापील कागद दिला होता, 'मऊ आहार'. मऊ म्हणजे काय आणि ते गिळवायचं कसं, हे त्यावर छापलेलं नव्हतं.

"नाकानं जेवणारा आचारी," नाथा म्हणाला. "म्हसरूळ ते दिंडोरी, लोक हसून मरतील."

हसले असतेच. कारण या पट्ट्यात जावळ असो की नवसाचं बोकड, चूल पेटवायला नाथा आचारीच लागायचा. त्याचा रस्सा पानात पडला की पंगत नाकं पुसत जेवायची आणि नाकं पुसतच परत मागायची. मसाला पडायच्या आधी तो एक तपेली अळणी रस्सा बाजूला काढून ठेवायचा, लहान पोरांसाठी आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी. एखाद्या धडधाकट माणसानं अळणी मागितली तर नाथा पळी उगारून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "अरे, याला झबलं घाला रे कुणीतरी." पंगत हसायची. तो माणूस जन्मात परत अळणी मागायचा नाही.

मसाला साळूबाईचा होता. दरवर्षी एप्रिलात ती अंगणात बसून मिरच्या भाजायची, खोबरं, दगडफूल, निखाऱ्यावरचा कांदा. सगळी गल्ली खोकायची. तिचे डोळे आठ-आठ दिवस लाल राहायचे. पंगतीत नाव निघायचं ते नाथाचं.

आणि रविवारी घरी तो स्वतः कोंबडी करायचा. आधी स्वतः जेवायचा, पोराला वाढायचा, मग साळूबाईचं ताट आपल्या हातानं भरून स्वयंपाकघरात ठेवायचा आणि बाहेर दारापुढच्या ओट्यावर जाऊन सुपारी कातरत बसायचा. जरा वेळानं तिथूनच ओरडायचा, "साळू, कसं झालंय?"

आतून आवाज यायचा, "झणका बसला."

तेवढ्यावर त्याचा आठवडा जायचा. हजार लोकांनी नाव काढलं तरी त्याला ते दोन शब्द लागायचे. शेकाच्या दिवसांत, यंत्राखाली डोळे मिटून पडल्यावर, त्याला पंगती आठवल्या नाहीत. तो ओटा आठवायचा आणि आतून येणारा तो आवाज.

साळूबाईनं फळीवरून जर्मनचं लहान पातेलं काढलं. तुकडे टाकले, हळद, आल्याचा ठेचा, दोन आख्ख्या लसूण पाकळ्या. मीठ टाकताना डबीत बघितलंसुद्धा नाही. तेल नाही, कांदा नाही, टोमॅटो नाही. घोटीच्या तिच्या माहेरचा मूठभर तांदूळ धुऊन त्यातच सोडला. मग डब्याच्या झाकणाखालून एक फडकं काढलं, त्यात धणे आणि एक लवंग ठेवून दोऱ्यानं गाठ मारली आणि पुरचुंडी पाण्यात सोडली. अर्क उतरेल, कण घशाला लागणार नाही.

नाथा बघत होता. चव गेली होती, डोळे गेले नव्हते. चाळीस वर्षांत त्यानं कितीतरी हाताखालची माणसं ठेवली आणि काढली. नवा हात कसा चाचपडतो आणि सवयीचा हात कसा चालतो, हे त्याला लांबून कळायचं. हा हात चाचपडत नव्हता.

"हे कुठं शिकलीस?"

"यात शिकायचं काय?"

"ती पुरचुंडी दाखव."

"उकळतंय, हात भाजंल."

"पळीवर घे."

तिनं पुरचुंडी पळीवर उचलली. फडकं हळदीनं पिवळंजर्द झालं होतं, एका दिवसाच्या हळदीनं होत नाही तसं. कडेला निळी रेघ होती.

"हा माझा सदरा हाय," नाथा म्हणाला.

"फाटका होता."

"वेदिकाच्या बारशाला घेतलेला. सहा वर्षं झाली त्याला."

"मग?"

"कुणासाठी करायचीस हे?"

"पोरांसाठी. लहान होती तवा."

"वाल्मीक एकटाच पोरगा. त्याच्या पोरीच्या बारशाचा सदरा, आणि ती पोरगी नामपूरला. तवा या घरात लहान कोण होतं, साळू?"

साळूबाईनं पुरचुंडी पाण्यात सोडली. गॅस बारीक केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

"पोटात आग पडायची," ती म्हणाली. "वाल्मीक झाला तवापासून. तिखट गेलं की रात रात बसून काढायचे."

"पित्त हाय म्हणायचीस."

"तुम्ही म्हणायचा. चहा कमी कर म्हणायचा."

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? झबलं घाला म्हणून?"

पातेल्यातलं पाणी बुडबुडत होतं. नाथानं मफलर सैल केला, परत गुंडाळला. त्यानं हजारो पानं वाढली होती. कुठल्या पंगतीत कोण उपाशी उठला हे त्याला न विचारता कळायचं. स्वयंपाकघरातलं एक पान त्यानं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

"मी ताट ठेवायचो ते?"

"शेजारच्या सखुबाईकडं जायचं, मागच्या दारानं. तिला लय आवडायचं."

"झणका बसला म्हणायचीस."

"सखुबाई तसंच म्हणायची. खोटं नव्हतं."

त्याला हसू आलं आणि हसू घशात टोचलं. डोळ्यात पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही.

अर्ध्या तासानं साळूबाईनं पुरचुंडी काढून पिळली. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. तिनं ते शिजलेल्या तांदळात बोटांनी कुस्करलं, एक बारीक हाडसुद्धा राहिलं नाही ना, हे चाचपून बघितलं आणि कोमट झाल्यावर वाटी त्याच्या हातात दिली.

पहिला चमचा त्यानं बराच वेळ तोंडात धरला. गिळताना मान वाकडी झाली. साळूबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. दुसरा चमचा गेला. तिसऱ्याला तो थांबला, आणि वाटी खाली ठेवणार असं तिला वाटलं.

"तुझं ताट घे," तो म्हणाला.

"मी जेवते मागनं."

"इथं घे. माझ्यासमोर."

तिनं ताट घेतलं. त्याच पातेल्यातलं वाढून घेतलं आणि खाली, त्याच्या खुर्चीसमोर, मांडी घालून बसली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिला जेवताना बघत होता. ती भराभर जेवत होती, कुणीतरी येईल आणि बघेल अशी.

"सावकाश," तो म्हणाला.

ती सावकाश जेवली. तोही जेवला. वाटी अर्ध्याच्या खाली गेली, मग तळ दिसला. तिनं विचारलं, "कसं झालंय?"

विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, या माणसाच्या जिभेला काही कळत नाही. ती मान खाली घालून ताटातला दाणा वेचू लागली.

नाथानं मफलरच्या टोकानं नाक पुसलं, पंगतीतली माणसं पुसायची तसं.

"झणका बसला," तो म्हणाला आणि वाटी पुढं केली.

साळूबाई हसली नाही. तिनं पळी तळापर्यंत घातली आणि वाटी काठोकाठ भरली.