झाकलेला खड्डा

ऑस्ट्रेलियातल्या मायर्टल गली गावच्या सोनशोधक मंडळात क्लेम ट्रेगिअरचा मोठा दरारा होता, पण तो सोन्यामुळे नव्हता. चौतीस वर्षांत त्याला सापडलेलं सगळं सोनं खोकल्याच्या औषधाच्या एका बाटलीत मावत होतं, आणि बाटली अजून अर्धी रिकामी होती. दरारा होता तो खड्ड्यांमुळे.

सरकारी जंगलात हौसेनं सोनं शोधायचं तर परवाना खिशात हवा, अवजारं हातानं चालवायचीच हवीत आणि खणलेला खड्डा पुन्हा बुजवायला हवा. बाकीचे लोक खड्डा बुजवत. क्लेम खड्ड्याची उत्तरक्रिया करी. आधी माती, मग खडे, त्यावर फावड्याच्या पाठीनं तीन थापा, ठप ठप ठप. त्यावर पाचोळा, झाडाची साल, आणि शेवटी एखादी वाळकी काटकी अशी तिरपी टाकी की ती वरून देवानंच सोडली असं वाटावं. "जंगल म्हणजे देवाचं घर," तो म्हणे. "पाहुणा उठून गेला की अंथरुणाला सुरकुती दिसता कामा नये."

मंडळाची दरवर्षी खड्डे बुजवण्याची स्पर्धा असे. परीक्षक रान तुडवत फिरत, आणि ज्याचा खड्डा त्यांना सापडत नसे तो जिंके. तो करंडक सलग अकरा वर्षं क्लेमच्या कपाटावर होता. शेजारी काचेची मोठी बरणी होती. पेयांच्या डब्यांची झाकणं उघडायला जी कडी असते, तसल्या कड्यांनी ती काठोकाठ भरलेली. सोनं शोधणाऱ्याला सोन्यापेक्षा हेच जास्त सापडतं. धातू हुडकणारा डिटेक्टर दोन्हींसाठी तितक्याच आनंदानं ओरडतो. त्या बिचाऱ्याला आपपर नाही.

वर्ली ही क्लेमची बायको. गावच्या चॅपलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, ती पायपेटी वाजवी. तिथलं प्रवचन नुसतं बोलायचं नसे. जुन्या खाणकामगारांनी घालून दिलेली रीत अशी, की प्रवचनकारानं चार वाक्यं बोलावीत, मग क्लेमनं भजनाची ओळ उचलावी, सगळ्यांनी ती धरावी, आणि गाणं ओसरलं की प्रवचन पुढे चालावं. कोरड्या जमिनीत पाणी सोडत सोडत जावं तसं. ऐकणारा घरी जाताना गुणगुणत जाई आणि उपदेश त्या गुणगुणण्याला चिकटून घरात शिरे.

सगळं गोड होतं, एक गोष्ट सोडून. तिसऱ्या ओळीचा शेवटचा सूर क्लेम खाली घसरवतो, असं वर्लीचं म्हणणं. पेटीच म्हातारी झाली आहे, असं क्लेमचं. संसारातले बाकी सगळे खटले मिटले होते. हा एक चालू होता, आणि त्याला येत्या रविवारी पन्नास वर्षं पूर्ण होणार होती, कारण लग्नालाही तेव्हाच होणार होती.

पन्नाशी गाठलेल्या जोडप्यासाठी चॅपलाची एक रीत होती. दोघांनी सगळ्यांसमोर उभं राहायचं, अंगठ्या काढून एकमेकांच्या हातात द्यायच्या, आणि भजन चालू असताना त्या पुन्हा एकमेकांच्या बोटांत घालायच्या. वर्लीनं निळा ड्रेस शिवून घेतला होता. तिची बहीण टास्मानियाहून समुद्र ओलांडून येणार होती.

आणि बुधवारी संध्याकाळी, जंगलातून घरी आल्यावर मोरीत हात धुताना, क्लेमला आपलं बोट दिसलं. त्यावर अंगठी नव्हती. नुसता पांढरा वळ होता.

झालं होतं असं. बोटातल्या अंगठीला डिटेक्टर ओरडतो, म्हणून खणताना ती काढावी लागते. क्लेम ती बुटाच्या जुन्या नाडीत ओवून गळ्यात अडकवायचा. त्या दिवशी नाडी तुटली, म्हणून त्यानं ती शेजारी पडलेल्या सालीच्या तुकड्यावर ठेवली. छान होडीसारखी साल होती. मग खड्डा बुजवला, तीन थापा मारल्या आणि शेवटी वर पसरायला ती होडीसारखी सालच उचलली. अंगठी भुसभुशीत मातीत गेली, साल वर बसली, तिच्यावर तिरपी काटकी. काम इतकं सुरेख झालं होतं की तो स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिला होता.

त्या दिवशी त्यानं एकवीस खड्डे खणले होते. त्यांतला कुठला, ते त्याला सांगता येईना.

वर्लीला सांगायचं धाडस झालं नाही. जेवायला पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या होत्या. त्या खाताना त्यानं लोकरीचे हातमोजे घातले.

"घरात?" वर्लीनं विचारलं.

"थंडी आहे."

"हातमोजे घालून पास्टी खातोयस तू."

"म्हणूनच गरम लागतेय."

वर्लीनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि आणखी एक पास्टी वाढली.

गुरुवारी दुपारी बाराला जंगलाच्या रस्त्याचं फाटक हिवाळ्यासाठी बंद झालं. ओल्या दिवसांत गाड्यांनी रस्त्याची दैना होते, म्हणून दर जूनमध्ये, तिथला हिवाळा लागला की, ते बंद होतं आणि नोव्हेंबरमध्ये उघडतं. क्लेमनं वनखात्याच्या दानिका वुकोविचला फोन लावला. एका दिवसापुरती किल्ली मिळेल का, असं अगदी मधाळ आवाजात विचारलं.

"मिस्टर ट्रेगिअर," दानिका म्हणाली, "खात्याला आलेलं एक पत्र वाचून दाखवते. 'फाटक एकदा बंद झाल्यावर कोणाच्याही विनवणीला, अश्रूंना किंवा घरगुती अडचणीला भीक घालू नये.' खाली तुमची सही आहे. आम्ही ते भिंतीवर लावलंय."

"चांगलं लिहिलंय," क्लेम पडक्या आवाजात म्हणाला.

"घरगुती अडचणीच्या खाली दोन रेघासुद्धा मारल्यात तुम्ही. चालत जायला मात्र बंदी नाही."

शुक्रवारी सकाळी क्लेम आणि त्याचा जुना दोस्त कीथ ओडगर्स चालत निघाले. सात किलोमीटर, चढाचे. कीथचा एक गुडघा डॉक्टरांनी बसवलेला, दुसरा देवानं दिलेला, आणि कुरकुरायचा तो दुसरा.

जागेवर पोचल्यावर दोघांनी चहूकडे पाहिलं. नेचे, ओला पाचोळा, साली आणि हजारो तिरप्या काटक्या.

"एकसुद्धा दिसत नाही," क्लेम म्हणाला, आणि त्याही परिस्थितीत त्याच्या आवाजात जरासा अभिमान आलाच.

"गड्या, मी खणलेला खड्डा असता तर आंधळ्यालाही सापडला असता," कीथ म्हणाला. "त्यात पडूनच सापडला असता. अकरा वर्षं माझी टिंगल केलीस. घे आता करंडक, घाल बोटात."

दोन तास त्यांनी डिटेक्टर फिरवला. सात कड्या सापडल्या, एक खिळा सापडला. प्रत्येक खड्डा क्लेमनं सवयीनं बुजवला. कीथ कपाळावर हात मारून बघत राहिला.

शेवटी दोघं चहा प्यायला बसले. डिटेक्टर बंद करून झाडाला टेकवला होता. आणि तेवढ्यात तो वाजला.

वूऽईप.

"बंद केला नाहीस?"

"केलाय."

वूऽईप. मग ठप ठप ठप.

कीथचा चहा हातातच राहिला. आवाज समोरच्या नेच्यांमागून येत होता. दोघं कसेबसे गुडघ्यांवर आले आणि रांगत पुढे सरकले, आणि नेचा बाजूला करून बघतात तर काय, आपली वीणेच्या आकाराची शेपटी डोक्यावरून पुढे उलटी पसरून लायरबर्ड नाचत होता. रानातला हा मोठा नकल्या. हिवाळ्यात मादीला भुलवायला तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, आणि या पठ्ठ्यानं चालू मोसमासाठी नवीन चीज बसवली होती. आधी डिटेक्टर, मग क्लेमच्या फावड्याच्या तीन थापा.

"यानं तुझा सगळा कार्यक्रम बसून ऐकलाय," कीथ कुजबुजला. "मध्ये ताल पण चुकत नाही."

पण क्लेमचं लक्ष पक्ष्याच्या पायांकडे होतं. नाचायला या पक्ष्याला मातीचा ओटा लागतो. मऊ जागा बघून तो नख्यांनी माती ओढतो, पाचोळा बाहेर फेकतो आणि मधे ढीग करून त्यावर उभा राहतो. अख्ख्या डोंगरात याला मऊ जागा सापडली ती एकच. ओट्याच्या कडेला एक साल फेकलेली पडली होती. होडीसारखी.

"सापडला," क्लेम म्हणाला. "खड्डा सापडला."

"आधी चहा तरी संपवायचा होता," मागून आवाज आला. दानिका उभी होती. खात्याची गाडी घेऊन फेरीवर आली होती. पाचोळ्यात पालथी पडलेली दोन म्हातारी माणसं पाहून आधी तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. सगळं ऐकल्यावर तिनं डोळे पुसले, हसून की कशानं ते कळलं नाही.

"नियम तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "पक्ष्याचा ओटा किंवा घरटं उकरायचं नाही. पण मी आता गाडीत जाऊन दहा मिनिटं डबा खाणार आहे. गाडीतून इकडचं काही दिसत नाही."

कीथ लगेच उठला. दुसऱ्या गुडघ्यानंही कुरकुर केली नाही. क्लेम मात्र बसून राहिला.

"क्लेम, चल की. कोण बघतंय?"

"आजपर्यंत मी खड्डे बुजवले ते कोणी बघतंय म्हणून का?" क्लेम म्हणाला. "बघायला कोणी नसतं, म्हणूनच बुजवले. आता हा बिचारा लग्न जमवायला उभा आहे आणि मी माझ्या लग्नासाठी त्याचा मांडव मोडू?"

"परवा वर्ली तुझा मांडव मोडेल."

"मोडू दे. चूक माझी आहे, त्याची नाही."

पक्षी गप्प झाला होता. क्लेमला गलबलून आलं. अशा वेळी त्याला एकच औषध माहीत होतं. तो हळू आवाजात चॅपलातलं भजन म्हणू लागला. चारही कडवी म्हटली. पक्षी मान तिरकी करून ओट्यावर उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

घरी पोचल्यावर क्लेमनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि वर्लीला सगळं सांगितलं. नाडी, साल, पत्र, पक्षी, सगळं.

"बुधवारीच कळलं मला," वर्ली म्हणाली. "हातमोजे माझे घातले होतेस तू. अंगठी कुठंय एवढंच कळत नव्हतं. आणि उकरली नाहीस?"

"नाही."

"दानिका डबा खायला गेली तरी?"

"तरी."

वर्ली उठून आत गेली. आतून नुसता बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

रविवारी चॅपल गच्च भरलं होतं. प्रवचनकार बोलले, क्लेमनं ओळ उचलली, लोकांनी धरली. मग दोघं पुढे आले. त्या दिवशी पेटी वर्लीच्या बहिणीकडे होती. वर्लीनं आपली अंगठी काढून क्लेमच्या तळहातावर ठेवली. क्लेमनं रिकामा हात पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. बोटात काहीतरी गार, हलकं सरकलं. डोळे उघडून पाहतो तर डब्याची कडी. घासून घासून चकचकीत केलेली.

"चौतीस वर्षं जंगलातून न चुकता घरी आणलेली एवढी एकच चीज आहे तुझी," वर्ली म्हणाली. "हिच्यावर माझा जास्त विश्वास आहे."

पहिल्या बाकावर कीथ हसायला लागला, मग दुसरा बाक, मग पेटीचा सूर भलतीकडे गेला, आणि प्रवचनकारांनी पुढची चार वाक्यं सोडूनच दिली. लोक हसत हसत गायले. असं भजन त्या चॅपलात पूर्वी कधी झालं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये फाटक उघडलं. पक्ष्याचा मोसम संपला होता, ओट्यावर पाचोळा साचला होता. पक्ष्यानं ओटा सोडून दिल्याचं दानिकानं आधी स्वतः पाहिलं, मग मान हलवली. क्लेमनं खणलं. अंगठी पक्ष्यानं ओढलेल्या मातीच्या एक वीत खाली होती. त्यानं खड्डा बुजवला, तीन थापा मारल्या, काटकी टाकली, जरा विचार केला आणि कडेला एक पांढरा गोटा ठेवला.

त्या गोट्याची सवयच लागली. पुढच्या स्पर्धेत परीक्षकांना त्याचा खड्डा पाच मिनिटांत सापडला. करंडक कीथला मिळाला, कारण तो खड्डा खणायलाच विसरला होता. क्लेमला वाईट वाटलं नाही. आता खणताना अंगठी आणि कडी, दोन्ही वर्ली सांभाळी, घडीच्या खुर्चीत बसून. जंगलात यायचा तिचा हट्टच झाला होता.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी दानिकाचा फोन आला. "बाईंना घेऊन चालत या," एवढंच म्हणाली.

सात किलोमीटर चढून दोघं पोचली. नेच्यांमागे नवा ओटा होता, नवी माती होती. पक्ष्यानं शेपटी पसरली. वूऽईप. ठप ठप ठप. मग क्षणभर थांबला आणि त्यानं भजन सुरू केलं. शब्द नव्हते, पण चाल अगदी तीच. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर हळूच, ठरल्या जागी, खाली घसरला.

क्लेम हातातल्या टोपीकडे बघत राहिला.

"या रानात पेटी कुठंय, क्लेम?" वर्लीनं विचारलं.

पक्ष्यानं ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच घसरला.

"आता आलं लक्षात," क्लेम शेवटी म्हणाला. "मग त्याला आता बरोबर म्हणून दाखवायला हवं."

"दाखव की," वर्ली म्हणाली आणि खुर्ची उघडून बसली. "मी सूर देते."