हरण्याची बाजू

लाकडी तलवार डोक्यावर नेल्यावर हात्सुएच्या लक्षात आलं, की समोरच्या पोलिसानंही ती अगदी तश्शीच नेली आहे. डावा पाय पुढे, मुठी कपाळाच्या वर. दोघं एकमेकांसमोर आरशात बघितल्यासारखे उभे. काताच्या, म्हणजे जोडीनं करायच्या ठरीव हालचालींच्या, पहिल्या प्रकारात असं कधी होत नाही. एकाचा डावा पाय पुढे येतो, दुसऱ्याचा उजवा. डाव्यानं वार करायचा आणि हरायचं. उजव्यानं तो वार चुकवायचा आणि जिंकायचं. केंडो शिकणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. गावातल्या शेंबड्या पोरांना ते हात्सुएनंच तर शिकवलं होतं!

आज तिच्याकडे जिंकण्याची बाजू आली होती. नंबर पुकारणाऱ्या बाईंनी ते स्पष्ट सांगितलं होतं, तिनं मान डोलावून "हो" म्हटलं होतं, आणि तरी मेला पाय डावाच पुढे पडला. टेबलामागे परीक्षक बसले होते. त्यांच्यातल्या एकाच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. संपलं, हात्सुए मनात म्हणाली. सगळं केलं आणि दारात येऊन सांडलं.

हात्सुए कानेको ही गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण. सकाळभर फावड्याएवढ्या उलथन्यानं हंड्यातलं डुकराचं कालवण ढवळायचं, दुपारी भांडी वाफवायची आणि शनिवारी शाळेमागच्या हॉलमध्ये इवाबुचीमास्तरांच्या वर्गात उभं राहायचं, हा तिचा शिरस्ता. फार वर्षांपूर्वी मुलाला सोडायला म्हणून ती त्या हॉलमध्ये आली होती. मुलगा वर्षभरात कंटाळला आणि बेसबॉलकडे पळाला. आई मात्र राहिली.

मुलांकडून परीक्षेसाठी काता बसवून घ्यायचा, तर समोर मोठं माणूस लागतं. हरण्याची बाजू वडीलधाऱ्यानं घ्यायची, शिकणाऱ्यानं जिंकायचं, असा रिवाज. मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हात्सुए, ह्याला जरा हरून दाखव गं." ती हरून दाखवायची. तिच्या डोक्याच्या मूठभर वर तलवार आणून थांबवली नाही, असं एक मूल गावात उरलं नव्हतं. त्यातली काही आता स्वतः बाप झाली होती आणि आपली पोरं आणून सोडत होती.

पण तिचं स्वतःचं घोडं तिसऱ्या डॅनवर, केंडोच्या तिसऱ्या पायरीवर, अडलं होतं. चौथ्याची परीक्षा दिली की ती पहिल्या फेरीतच, बांबूच्या तलवारींच्या झुंजीतच, नापास व्हायची. कारण सगळ्यांना माहीत होतं. समोरचा चालून आला, की तिची तलवार आपोआप बाजूला सरकायची आणि डोकं मोकळं व्हायचं, जसं ती मुलांसाठी करायची. ये बाळा, मार. समोरचे बाप्ये मारून जायचे.

"अगं, तू परीक्षेला जातेस की दानधर्माला?" मास्तर ओरडायचे.

"सवय झालीय हो, मास्तर."

"मग सवयीलाच डॅन द्या, म्हणावं परीक्षकांना."

इतकी वर्षं यात हसण्यासारखंच होतं सगळं. मग गेल्या शरदात मास्तर, वय वर्षं त्र्याऐंशी, पर्सिमॉनची फळं काढायला स्वतः शिडीवर चढले आणि खुबा मोडून घेतला. हॉलच्या समितीचे लोक भेटायला आले. माणसं अतिशय सभ्य. कमरेत वाकून वाकून त्यांनी सांगितलं, की वर्ग चालवणारी व्यक्ती निदान चौथ्या डॅनची हवी, नियमच आहे. मार्चपर्यंत थांबतो, नाहीतर हॉल टेबल टेनिसवाल्यांना द्यावा लागेल. मुलांनी हवं तर पलीकडच्या गावात जावं. पलीकडच्या गावात जायचं म्हणजे घाट ओलांडायचा. किती मुलं जातील, हे हात्सुएला कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री नवऱ्यापुढे ताट ठेवताना तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग पास हो की." जणू ते बाजारातून कांदे आणण्याइतकं सोपं होतं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी ती मास्तरांना भेटायला गेली. खुबा जोडल्यावर त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलं होतं. पलंगावर बसून ते पाठ खाजवायच्या लाकडी हातानं खिडकीवरच्या माशा हाकलत होते.

"स्वयंपाकघराच्या दारात ती लाल रेघ आहे ना तुमच्या?" त्यांनी एकदम विचारलं.

"आहे की. बाहेरचे बूट रेघेच्या बाहेर."

"आणि हेडमास्तर बुटासकट आत यायला लागले तर?"

"येतात कसे! मी दारात उभी राहते."

"बाजूला होत नाहीस?"

"बाजूला कशाला होऊ? दीडशे पोरांचं जेवण असतं आत."

मास्तरांनी लाकडी हात तिच्या नाकासमोर धरला. "मग परीक्षेत तशीच उभी राहा. समोरचा माणूस बूट घालून आलाय, एवढंच लक्षात ठेव."

माएबाशी शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये आज सकाळी तिनं तेच केलं. पहिला आला तो उंच, हडकुळा, फार ओरडणारा. तो चालून आला तशी तिची तलवार सवयीनं बाजूला निघालीच होती, पण तिला त्याच्या पायात बूट दिसले. चांगले चिखलाचे. तलवार जागच्या जागी राहिली. तो तलवारीच्या टोकावर येऊन थबकला, गोंधळला, आणि त्या गोंधळात हात्सुएनं त्याच्या डोक्यावर असा फटका दिला की तिचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्याच्या वेळी तर बूट आठवावे लागलेच नाहीत. तासाभरानं भिंतीवर कागद लागला आणि त्यावर तिचा नंबर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता राहिला होता फक्त काता, आणि काताची भीती तिला कधी वाटलीच नव्हती. झोपेतसुद्धा येत होता तो तिला. घात तिथंच झाला. झोपेत यायची ती हरण्याची बाजू.

तर ती तशी उभी, तलवार डोक्यावर, डावा पाय पुढे. समोरचा पोलीस, नागुमो नावाचा, पंचविशीतला, मानेचा पत्ता नसलेला दांडगा गडी. त्याची नजर एकदाच तिच्या पायांवर गेली. मग काही झालंच नाही अशा थाटात त्यानं डावा पाय मागे घेतला, उजवा पुढे आणला, मुठी मधोमध केल्या आणि थांबला. जिंकणाऱ्याच्या जागी तो उभा राहिला. तिच्यासाठी तिची नेहमीची जागा मोकळी झाली.

हात्सुएला विचार करायला सवड नव्हती. ती पुढे गेली, तिनं वार केला, त्यानं तो हवेत जाऊ दिला, त्याची तलवार तिच्या डोक्यावर येऊन थांबली. एकामागून एक सगळे प्रकार त्यांनी केले. दर शनिवारी हरायची तशी ती हरली, नीट, समोरच्याला जिंकायला पुरेशी जागा देऊन. शेवटी दोघांनी वाकून नमस्कार केला.

परीक्षकांची डोकी एकत्र आली. पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या बाजू बदलल्या कशा?"

"माझी चूक, सर," नागुमो म्हणाला.

"माझी चूक," हात्सुए त्याच वेळी म्हणाली. मग घाईघाईनं, "ह्यांची नाही हो. ह्यांनी सांभाळून घेतलं. माझाच पाय चुकला."

"बाई, काता कोण शिकवतं तुम्हाला?"

"मीच शिकवते. म्हणजे मुलांना. मी नेहमी ह्याच बाजूला असते."

गृहस्थांनी शेजारच्या परीक्षकांकडे पाहिलं. त्या दोघांनीही मान हलवली, होकाराची की नकाराची ते हात्सुएला कळेना. "पहिले तीन पुन्हा करा," ते म्हणाले. "या खेपेला ज्याची बाजू त्यानं घ्यावी."

ती पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. उजवा पाय, उजवा, उजवा. पण पाय म्हणजे काही घोकून वळणारी गोष्ट नाही. जिंकताना पुढे काय करायचं, कधी सरकायचं, कधी यायचं, हे तिच्या अंगाला आठवेना. हॉल गेला, वर्ग गेला, पोरं घाटापलीकडे गेली, मास्तरांना तोंड कसं दाखवू, असं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. नागुमो वार करायला पुढे निघाला.

आणि तिला कुणीतरी बोलताना ऐकू आलं. आवाज ओळखीचा होता, जरा घोगरा, स्वयंपाकघराच्या वाफेनं बसलेला. *घाबरू नको रे. थांब. अजून थांब. माझी तलवार येऊ दे. आता मागे हो. गेली ना खाली? आता ये. ये, मार.* दर शनिवारी, प्रत्येक पोराला, हरता हरता ती हेच सांगत आली होती.

ती थांबली. अजून थांबली. नागुमोची तलवार आली तशी मागे झाली, आणि ती तिच्या नाकासमोरून खाली गेल्यावर पुढे आली. तिची लाकडी तलवार त्याच्या भादरलेल्या डोक्याच्या मूठभर वर येऊन थांबली. ती धार आपली आहे, याचं तिला क्षणभर नवल वाटलं. खाली त्याच्या टाळूवर घामाचे थेंब होते आणि एक जुनी खोक होती, लहानपणी कुठंतरी धडपडल्याची असावी. उरलेले दोन प्रकार कसे झाले ते तिला नंतर आठवलं नाही.

संध्याकाळच्या कागदावर दोघांचेही नंबर होते. केंडोत जिंकल्यावर नाचायचं नसतं. भर सामन्यात कुणी हात उंचावला तर मिळालेला गुणसुद्धा काढून घेतात. म्हणून हात्सुए गंभीर चेहऱ्यानं कागदाला नमस्कार करून वळली, बायकांच्या बाथरूममध्ये गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. मग आरशात आपलं सुजलेलं नाक बघून तिला हसू फुटलं, ते आवरेना. खांद्यावरून हंडा उतरावा तसं तिला हलकं वाटत होतं.

नागुमो बाहेर चहाच्या यंत्रापाशी उभा होता. ती त्याच्यापुढे कमरेत वाकली.

"तुम्ही पाय बदलला नसता, तर मी गेले होते बघा."

"काकू, आमच्या घरी आई अन् दोन मोठ्या बहिणी," तो म्हणाला. "समोरची बाई चुकली की आपण गुमान पाय बदलायचा, एवढं एकच शिक्षण झालंय माझं."

शुश्रूषागृहात भेटीची वेळ संपायला थोडाच अवकाश होता. येताना तिनं मिसो लावून भाजलेले मांजू, तिकडचे गोडसर पाव, घेतले होते. मास्तरांनी ते बाजूला ठेवले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"नाक लाल दिसतंय."

"झाले हो पास!"

मास्तरांनी उशी सारखी केली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "झुंजीत?"

"बूट दिसले."

"आणि काता?"

तिनं सगळं सांगितलं, डाव्या पायापासून. मास्तर हसायला लागले, मग त्यांना ठसका लागला, तिनं पाणी दिलं, ते पुन्हा हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी मांजूचा पुडा जवळ ओढला.

"मी तुझ्यापुढे कधी उभाच राहिलो नाही, नाही का," ते म्हणाले. "तिसरा डॅन झाल्यावर तुला पोरांपुढे उभं केलं, अन् मी बसलो तो बसलोच. तुझ्यासाठी हरायचं कोणी?"

"जाऊ द्या हो, मास्तर. झालं ना आता."

"झालं कसं? दाराजवळ बूट चढवायची ती लांब पट्टी टांगलीय ना, ती घे."

"मास्तर, अहो, खुबा..."

"खुबा कंबरेत आहे. हात शाबूत आहेत माझे. घे म्हणतो ना."

ते पलंगाच्या कडेला सरकले. पाय खाली सोडले. डावा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बोटभर पुढे ठेवला. मग पाठ खाजवायचा लाकडी हात मुठीत धरून डोक्यावर नेला, आणि त्यांचा थकलेला चेहरा एकाएकी असा झाला की हात्सुएला हॉलमधला तो जुना करडा माणूस दिसला, ज्याच्यापुढे ती पहिल्या दिवशी चळाचळा कापली होती.

तिनं पट्टी उचलली आणि उजवा पाय पुढे टाकला.

मास्तरांना पुढे येता येत नव्हतं, म्हणून दोघांच्याही वाटची पावलं तीच चालली. लाकडी हात सावकाश खाली आला. ती थांबली, अजून थांबली, मागे झाली, पुढे आली. मास्तरांची मान खाली गेली होती. टाळूवर विरळ पांढरे केस होते, त्यांतून कातडी दिसत होती, लहान मुलाची दिसते तशी. पट्टी त्या डोक्याच्या मूठभर वर थांबली आणि तिथंच राहिली. औषधांचा ट्रे घेऊन आलेली नर्स दारातच उभी राहिली होती.

मास्तरांनी मान वर केली नाही.

"छान," ते खालूनच म्हणाले. "आता दुसरा."